बिनस्विचचा हीटर

१

"चिमे, तासाभराचं काम आहे," असं दादा म्हणाला, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. दादाचा तास म्हणजे काय प्रकरण असतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पण गाडी बाबांची होती. बाबा गेल्यापासून ती गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होती, आणि दादाने ती पुन्हा उभी करायला घेतली होती ती आईसाठी. मग नाही कसं म्हणणार?

आई आजारातून उठली होती. उठली म्हणजे पलंगावरून सोफ्यावर आली, एवढंच. दिवसभर अंगावर शाल आणि पायाशी विजेचा हीटर. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला पुन्हा गारठा लागू देऊ नका, छातीचं दुखणं उलटलं तर या वेळी निभावणार नाही. पण घराबाहेरही काढा, नाहीतर त्या सोफ्यावरच सगळं आटोपेल. कुठे जायचं विचारलं तर आई म्हणाली, तलावावर. सुट्टीच्या दिवशी बाबा आम्हाला याच गाडीतून तिथे न्यायचे.

म्हणजे गाडी हवी, आणि गाडीत चालणारा हीटर हवा. इंजिन, ब्रेक, रंग हे सगळं दादाने करून घेतलं. वायरिंग आणि हीटर माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मोटारी रिवाइंड करते. पंपाच्या, पंख्यांच्या, मिक्सरच्या. गाडीच्या वायरिंगला मी जन्मात हात लावला नव्हता. हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "वायर ती वायर. तुला काय अवघड आहे?"

२

जुन्या गाडीचं वायरिंग म्हणजे डोक्याला ताप असतो, आणि त्यात दादासारखा मालक असला म्हणजे बघायलाच नको. त्याच्याकडे कारखान्याचा मूळ नकाशा होता. त्या नकाशात जे आहे तेच गाडीत राहणार, आणि जे नाही ते जाणार. वायरींवर प्लॅस्टिक चालणार नाही, कापडी वेष्टण हवं. स्क्रू आडव्या खाचेचेच हवेत. मी डॅशबोर्डच्या खाली मान वाकडी करून पडलेली असायची आणि तो डोक्याशी उभा राहून विचारायचा, "तो टर्मिनल पितळेचाच आहे ना?" माझ्या हातात पाना असताना माणसाने असे प्रश्न विचारू नयेत.

पुढच्या हीटरची रचना तशी साधी होती. इंजिनातलं गरम पाणी एका छोट्या जाळीतून फिरतं, मागून पंखा वारा मारतो. डॅशबोर्डच्या मधोमध चकचकीत पट्टी आणि तिच्यात दोन लिव्हर. एक गरम-गार करण्याचा, दुसरा वारा पायाशी घ्यायचा की काचेवर ते ठरवण्याचा. शेजारी पंख्याचा स्विच. केबली गंजल्या होत्या, वायरी कुरतडलेल्या होत्या, पण समजत होतं.

समजलं नाही ते पुढच्या सीटांच्या खाली होतं. गाडीच्या तळाला मधून जो उंचवटा जातो, त्यावर आणखी एक हीटर बसवलेला होता. छोटा, गोल, तोंड मागे वळवलेलं. गरम पाण्याचे दोन पाइप इंजिनापासून इथपर्यंत तळातून आणले होते. त्यांना बंद करायला कुठे तोटी नव्हती. पंख्याची वायर थेट किल्लीवरून आली होती. स्विच नव्हता. फ्यूजही नव्हता. किल्ली फिरवली की हा पंखा सुरू, आणि गाडी चालू आहे तोवर सुरूच, मग बाहेर भर उन्हाळा का असेना.

हे काम बाबांचं होतं. सोल्डर त्यांच्या हातचं होतं, ते मी कुठेही ओळखते. माझा हात त्यांनीच घडवला. म्हणून तर माझं डोकं फिरलं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. घरातल्या बेललाही त्यांनी वेगळा फ्यूज घातला होता. फ्यूजशिवाय वायर ओढणाऱ्या माणसाला ते आमच्यासमोर शिव्या घालत, आणि एरवी त्यांच्या तोंडून वावगा शब्द निघत नसे. त्या माणसाने फ्यूज विसरावा? मी टॉर्च लावून पाहिलं. विसरलेले नव्हते. सांधा तीनतीनदा पिळून त्यावर सोल्डरचा गोळा चढवला होता. वायर जळाली तरी बेहत्तर, पण पंखा थांबता कामा नये, अशा हिशेबाने केलेलं काम होतं ते.

३

"नकाशात नाही," दादा म्हणाला. "काढ."

"अरे पण बाबांनी लावलाय. काहीतरी कारण असेल."

"आपल्यासाठी लावला असेल. आपण मागे बसायचो."

हे खरं होतं. दादा डाव्या खिडकीशी, मी उजव्या खिडकीशी. आम्ही जगातल्या प्रत्येक गोष्टीवरून भांडलो, पण मधल्या जागेवरून कधीच नाही. मध्ये बसायचं नाही, असा बाबांचा दंडक होता. हीटरचा चटका बसेल म्हणायचे. आमची मावशी एकदा मध्ये सरकत होती, तर बाबांनी गाडी थांबवून तिला पुढे बसवलं आणि आईला माझ्या खिडकीशी, मला तिच्या मांडीवर. मला तेव्हा ते नेहमीचंच वाटलं होतं. आता हीटरच्या तोंडाशी हात धरून बघितला. वाऱ्याचा रोख ना दादाच्या जागेकडे होता, ना माझ्या. तो नेमका मधल्या जागेवर होता.

मी आईला विचारायला आत गेले. ती सोफ्यावर शाल गुंडाळून बसली होती.

"आई, गाडीत मागे एक जास्तीचा हीटर आहे. दादा काढ म्हणतोय."

"असू दे तो," आई म्हणाली. "लागतो."

"कुणाला लागतो? मागे मी एकटीच बसणार आहे."

तिने शालीचं टोक नीट केलं आणि चहा ठेवतेस का म्हणून विचारलं. आईला सांगायचं नसलं की ती चहावर येते. मी चहा ठेवला. परत गेले तर दादा गॅरेजमध्ये कटर घेऊनच उभा होता. मला आणखी वाद नको होते, गेले कित्येक दिवस तेच चाललं होतं. सोल्डर सुटेना, म्हणून वायर कापली. पाइप काढून तोंडं बंद केली. बाबांचा हीटर मी जुन्या पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दादा माझ्या कामावर खूश झाला.

४

त्यानंतर पुढच्या हीटरने माझ्या नाकी नऊ आणले.

संध्याकाळी गरम-गारचा लिव्हर मी गारवर करून जायची, सकाळी तो गरमच्या टोकाला असायचा. मी केबल बदलली. मग लिव्हरखालचा स्क्रू असा आवळला की तो हलवताना माझाच अंगठा दुखायला लागला. सकाळी पुन्हा गरमवर. दादाला विचारलं तर तो म्हणाला, मी कशाला हात लावू? गॅरेजची किल्ली आमच्या दोघांकडेच होती. तरी मला वाटत राहिलं की हाच येऊन चाळे करतो आणि नाकारतो. लहानपणी माझी रंगपेटी त्यानेच लपवली होती आणि तेही त्याने आजतागायत कबूल केलेलं नाही.

मग पंखा. स्विच बंद असताना पंखा फिरायला लागला. कुठूनतरी उलटा करंट येत असणार, म्हणून मी सगळ्या वायरी एकेक करून मीटरवर तपासल्या. कुठेच काही नव्हतं. वैतागून बॅटरीची वायरच काढून टाकली आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा डॅशबोर्डमधून आवाज येत होता, हलकासा, पातं जाळीला घासल्यासारखा. मी कान लावला. पंखा सावकाश फिरत होता. बॅटरीची वायर माझ्यासमोर मोकळी लोंबत होती.

बॉनेट उघडं होतं, बाहेर वारा होता. वारा शिरला की पंखा फिरतो. मी स्वतःला हे सांगितलं आणि बॉनेट बंद केलं. पंखा थांबला नाही. तेव्हा मी पात्यात स्क्रूड्रायव्हर अडकवून ठेवला आणि घरी गेले. कोणी म्हणेल, ही कसली इलेक्ट्रिशियन. पण त्या वेळी मला खरंच भीती वाटली होती, आणि भीती वाटली याचा जास्त राग आला होता.

५

सीटवाला निराळीच तक्रार घेऊन बसला होता. त्याने मागची सीट नवी केली होती. नव्या स्प्रिंगा, नवा फोम, वर दादाने शोधून आणलेलं मूळ रंगाचं कापड. आणि तरी ती मध्ये दबत होती.

"ताई, खरं सांगा, कोण बसतंय मध्ये?" त्याने मला विचारलं.

"कोण बसणार? गाडी अजून गॅरेजबाहेर निघालेली नाही."

"मग पोरं उड्या मारत असतील."

"या घरात पोरं नाहीत हो."

"मी दोनदा फोम बदललाय. कडेला बघा, कसा टुमटुमीत आहे. मध्येच बसतो." त्याने सीटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. "आणि गार किती लागतं. लादीवर हात ठेवल्यासारखं. तुमच्या गॅरेजात ओल आहे, ताई. मी आता फोम बदलून देणार नाही. ओल काढा आधी."

त्याने हत्यारं गोळा केली आणि चहालाही न थांबता गेला. मी हात लावून पाहिला. खरंच गार होतं. कडेला साधं कापड, आणि मध्ये बर्फ. ओल असेल, मी म्हटलं. ओल एवढी मोजून मधोमध कशी येते, हा विचार मी पुढे नेला नाही. माझं डोकं आधीच वायरींनी भरलेलं होतं.

त्याच दुपारी आई काठी टेकत गॅरेजच्या दारापर्यंत आली. आजारानंतर ती पहिल्यांदाच एवढं चालली होती. दादाला केवढा आनंद झाला. ती आत आली नाही. तिथूनच म्हणाली, "मागचा हीटर आहे ना रे?"

"आहे, आहे," दादा म्हणाला. "सगळं झालंय. उद्या निघू."

मी डॅशबोर्डखाली होते. मी तिथेच स्क्रू आवळत राहिले. आई इतकी सरळ उभी होती की तो क्षण मोडायचं माझ्या जिवावर आलं.

६

निघालो तेव्हा चांगलं ऊन होतं. दादा गाडी चालवत होता, आई त्याच्या शेजारी, मी मागे. अख्खी सीट मोकळी असून मी सवयीने माझ्या उजव्या खिडकीलाच चिकटून बसले. पुढचा हीटर छान चालला होता. आईने शाल सैल केली, बाहेर बघायला लागली. दादाने आरशातून माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं.

मागे मात्र पाय गारठले होते. शेजारी सीट मध्ये दबलेलीच होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. शहर सुटलं, आणि मग स्प्रिंग कुरकुरली. मी पाहिलं तर दबलेला फोम हळूहळू वर येत होता. कोणी उठल्यावर येतो तसा. रस्ता खराब आहे, गाडी हलते, स्प्रिंगा सुटतात, असं मी मनात म्हणेपर्यंत सीट सपाट झाली होती. माझ्या पायांचा गारठाही एकदम गेला.

"थोडं गार लागतंय रे," आई म्हणाली.

दादाने लिव्हर ढकलायला हात नेला. तो टोकालाच होता. पंखाही पूर्ण जोरात होता.

"चिमे, वारा गार येतोय."

"कसा येईल? इंजिन तापलंय."

"तापलेलं नाही. तापमानाची सुई खाली चाललीय." तो मीटरच्या काचेवर बोट आपटायला लागला. "इतका वेळ गाडी चालतेय आणि सुई खाली? काय करून ठेवलंयस तू?"

"मी वायरी जोडल्या. पाण्याचं तुझ्या मिस्त्रीने केलंय. त्याला विचार."

"मिस्त्रीने हीटरला हातही लावला नाही."

"मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

असे आम्ही भांडत होतो. आईच्या तोंडातून वाफ निघत होती. दादाच्या तोंडातून निघत नव्हती, माझ्याही नाही.

हीटरची ती चकचकीत पट्टी मी स्वतः पॉलिश केली होती. माझ्या जागेवरून ती दोन सीटांच्या फटीतून नीट दिसत होती. तिच्यात आईची शाल दिसत होती, दादाचं कोपर दिसत होतं, आणि दोघांच्या मधून पुढे झुकलेलं काहीतरी दिसत होतं. मला त्याचे फक्त हात दिसले. शेकायला धरतात तसे हीटरच्या तोंडापाशी पसरलेले तळवे. बोटं जरा जास्तच वाटली, पण पट्टीला थोडा बाक होता, बाकात तसं दिसतं. मग त्यातला एक हात हीटरवरून निघाला आणि आईच्या शालीत शिरला.

मी पट्टीवरून नजर काढून सरळ पाहिलं. सीटांच्या मध्ये काही नव्हतं. आईच्या खांद्यावरची शाल मात्र एका बाजूला ओढली जात होती.

७

"गाडी थांबव," आई म्हणाली.

दादाने कडेला घेतली. आई समोरच बघत होती.

"मागचा लावला नाहीस तू."

"आई, अगं मूळ गाडीत तो नव्हताच..."

"तुझ्या बाबांनी काय हौस म्हणून लावला होता?"

इतकंच बोलून ती दार उघडून उतरली. मी धावत तिला धरायला गेले. हात लागला तर अंग गारठलेलं. तिने मागचं दार उघडलं आणि मला म्हणाली, "तू पुढे जा."

"आई, मागे फार गार आहे. डॉक्टर काय म्हणालेत..."

"तू पुढे जा, चिमे."

लहानपणी या आवाजापुढे आमचं काही चालत नसे, आताही चाललं नाही. ती माझ्या खिडकीशी बसली. अर्धी शाल स्वतःभोवती घेतली आणि उरलेली मधल्या जागेवर पसरली, नीट, सुरकुत्या काढून. मग खालच्या आवाजात म्हणाली, "चल, ये मागे. असं करतात का?" आम्ही दोघं किरकिर करायला लागलो की ती याच सुरात बोलायची.

मी पुढे बसून दार लावेपर्यंत सुई वर यायला लागली. हीटरमधून गरम वारा सुटला, माझ्या तोंडावर आला. तो मला नकोसा वाटला.

"थर्मोस्टॅट चिकटला होता," दादा म्हणाला. "आता सुटला."

"तसंच असेल," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

मी म्हटलं, घरी फिरव. आई म्हणाली, निघालोय तर तलाव बघू. आम्ही तलावावर गेलो. ती उतरली नाही, काचेतून बघत राहिली.

"पाणी उतरलंय," ती म्हणाली. "पूर्वी कसं पार भिंतीला लागायचं, आठवतंय का?"

आठवतंय, असं म्हणायला मी मागे वळले. ती माझ्याशी बोलत नव्हती.

८

घरी आल्यावर आईला आत नेलं, पायांत मोजे घातले, हीटर जवळ ओढून दिला. तिचा डावा हात, जो शालीखाली मधल्या जागेवर होता, तो चोळून चोळूनही तापेना. मी रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "मी बरी आहे. तू आधी तो लाव."

मी पोत्यातून बाबांचा हीटर काढला. पाइप जोडले, तोटी घातली नाही. वायर थेट किल्लीवरून घेतली, फ्यूज घातला नाही, आणि सांधा बाबांनी पिळला होता तसाच पिळून वर सोल्डरचा गोळा चढवला. दादा माझ्या डोक्याशी टॉर्च धरून उभा होता. त्याने टर्मिनल पितळेचा आहे का विचारलं नाही. नकाशाचं नावही काढलं नाही.

इंजिन तापल्यावर मी मागचं दार उघडलं. गोल हीटर घोंघावत होता, गरम वारा मधल्या जागेवर जात होता. सीट सपाट होती. मी भीत भीत हात ठेवला. फोम टुमटुमीत, कापड छान कोमट. सीटवाल्याला बोलावून दाखवावं असं वाटलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. दादाच्या पाठीवर मी थाप मारली आणि आईला सांगायला आत गेले.

ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. ओठ निळसर दिसत होते. शालीचा एक पदर तिच्या खांद्यावर होता, दुसरा तिने शेजारी पसरला होता. तिच्या पायाशी मी ठेवलेला हीटर तिच्याकडे नव्हता. तो तिने सोफ्याच्या मध्याकडे वळवला होता.

"लावला, आई. मस्त चालतोय," मी म्हणाले. "आता काही काळजी नाही."

"बरं केलंस."

मी हीटर तिच्याकडे फिरवायला वाकले.

"राहू दे तिकडेच," ती म्हणाली.

तेव्हा मी सोफ्याकडे पाहिलं. मधली गादी दबलेली होती. माझ्या मागून दादा आत आला, त्यानेही पाहिलं, आणि दोघांपैकी कुणीच ओल आहे असं म्हटलं नाही.

"चिमे," आई म्हणाली, "याचं बटण काढून टाकता येतं का गं? आणि ते फ्यूज की काय असतं, तेही."

"येतं," मी म्हणाले, आणि सोल्डरिंगची पेटी आणायला गॅरेजकडे निघाले.